काडी नको, थांबा: मोंतेवेर्देतल्या एका बिळाचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं आहे. कोस्टा रिका, मोंतेवेर्दे, साधारण दीड हजार मीटर उंचीवरचं ढगांचं जंगल. तिथल्या एका लहान खासगी राखीव जंगलात रात्रीची फेरी चालते. फेरीच्या पायवाटेला लागून मातीची उभी दरड आहे आणि दरडीत, कमरेच्या जरा खाली, एक बीळ. आत मादी टॅरॅन्टुला. रोज अंधार पडला की एकामागून एक ग्रुप तिच्यासमोर येऊन थांबायचे, गाईड एक बारीक काडी घेऊन बिळाच्या तोंडाशी हलकेच हलवायचा, बाई झपकन बाहेर यायची, दोन-तीन जण किंचाळायचे, मग सगळ्यांचे मोबाईल वर. बरीच वर्षं हे असंच चाललेलं. मग ऐन पावसाळ्यात एका संध्याकाळी बिळाचं तोंड आतून पांढऱ्या जाळ्याने बंद झालेलं दिसलं. काडी लावली, काही नाही. जाळं जरासं फाडून लावली, तरी काही नाही. आणि त्या रात्री अजून दोन ग्रुप यायचे होते.

मी तेव्हा त्या गाईडांबरोबर फिरत होतो, त्यामुळे पुढची सगळी चर्चा जवळून ऐकायला मिळाली. जागेचं नाव देत नाही, कारण काडीचा हा प्रकार एका जागेचा नाहीच, रात्रीच्या फेऱ्यांमध्ये तो सर्रास दिसतो.

आधी ही बाई कोण ते सांगतो. शास्त्रीय नाव मेगाफोबेमा मेसोमेलास. 1892 साली ओक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज या इंग्लिश पाद्री-कोळीतज्ज्ञाने तिचं पहिलं वर्णन केलं. अंग मखमली काळं आणि पायांच्या मधल्या भागावर भडक केशरी, टॉर्च पडला की तो केशरी असा काही पेटतो की ज्यांना कोळ्यांची किळस आहे तेही एक पाऊल पुढे येतात. पाय पसरून मोजली तर माणसाच्या तळहातापेक्षा मोठी. राहते ती अशाच थंड, ओल्या डोंगराळ जंगलात, जमिनीत किंवा दरडीत बीळ करून. इथलं सरासरी तापमान वर्षभर 18 अंशांच्या आसपास, रात्री त्याहून कमी. टॅरॅन्टुला म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वाळवंट येतं, पण हिला उकाडा मानवत नाही, आणि हौशी लोक घरात काचपेटीत हिला पाळायला जातात तेव्हा बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते, कारण ज्या उबेत बाकीचे टॅरॅन्टुला मजेत राहतात त्या उबेत ही खंगते.

मोंतेवेर्देबद्दलही दोन शब्द हवेत, नाहीतर पर्यटक इतक्या लांब कोळी बघायला का येतात ते कळणार नाही. 1951 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाहून काही क्वेकर कुटुंबं इथे आली. ही युद्धाला धर्माने विरोध करणारी माणसं, आणि कोस्टा रिकाने 1948 मध्ये सैन्यच बंद करून टाकलेलं, म्हणून हा देश निवडला. त्यांनी गायी पाळल्या, चीजचा कारखाना काढला, पण वरच्या डोंगरावरचं जंगल पाण्यासाठी म्हणून तोडायचं नाही असं ठरवलं. 1972 मध्ये तिथेच मोठं राखीव जंगल उभं राहिलं, मग शास्त्रज्ञ आले, मागून पर्यटक, आणि आज गावाचं पोट बऱ्याच अंशी त्याच जंगलावर चालतं. 1989 नंतर कुणालाच न दिसलेला सोनेरी बेडूक हाही इथलाच. तेव्हापासून इथल्या लोकांना एखादं जनावर 'दिसेनासं होणं' म्हणजे काय असतं ते पुस्तकातून शिकवावं लागत नाही, आणि मला वाटतं बिळाचं तोंड बंद दिसल्यावर गाईडांचे चेहरे जसे झाले त्यात याचाही थोडा वाटा होता.

तर परत बिळापाशी.

तरुण गाईडचं पहिलं वाक्य, "मेली बहुतेक." त्यावर सगळ्यात जुना गाईड, जो एरवी फार बोलत नाही, म्हणाला, "मेलेलं जनावर उठून दार लावून घेतं होय?" हसले सगळे, पण मुद्दा बरोबर होता आणि पुढचा सगळा तपास त्याच वाक्यावरून सुटत गेला.

शक्यता चार-पाच होत्या. एक, मेली. पण मेली असती तर जाळं ताजं, ताणलेलं, पांढरंफटक नसतं, आणि या जंगलात मेलेल्या कशालाही मुंग्या लागायला एक रात्र पुरते, इथे मुंगी एकही नव्हती. दोन, बीळ सोडून गेली. पण जाणारा माणूस आतून कडी लावून कसा जाईल, जाळं तर स्पष्टपणे आतल्या बाजूने विणलेलं. शिवाय या कोळ्यांच्या माद्या बीळ सहजासहजी सोडत नाहीत, वर्षानुवर्षं त्याच एका भोकात काढतात, कारण बाहेर उघड्यावर फिरणं म्हणजे जिवाशी खेळ. तीन, गांधीलमाशी. पेप्सिस वंशातली ही भलीमोठी निळसर काळी गांधीलमाशी दिवसा टॅरॅन्टुला शोधत फिरते, डंख मारून त्याला लुळा करते, अंगावर एकच अंडं घालते आणि अळी त्या जिवंत कोळ्याला हळूहळू खाते. वाचायलाही बरं वाटत नाही, पण निसर्गात चालतं हे. फक्त गांधीलमाशी बीळ बुजवते ते बाहेरून आणि मातीने. जाळं विणणं तिला येत नाही. म्हणजे तेही गेलं. चार, अंडी. अंड्यांचा कोश सांभाळणारी मादी दार लावून बसू शकते, ही शक्यता खरी होती. आणि पाच, कात.

कात टाकायची वेळ आली की टॅरॅन्टुला आधी खाणं सोडते, कधीकधी कित्येक आठवडे, बीळवाली असेल तर तोंड जाळ्याने बंद करते, मग आत उताणी पडते आणि काही तासांत सगळं जुनं कवच उतरवते. सगळं म्हणजे अक्षरशः सगळं, पायांची टोकं, विषदात, तोंडाचे भाग, अगदी आतल्या, अन्न शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तरसुद्धा. त्या वेळी तिचं अंग इतकं मऊ असतं की एखादा धडधाकट नाकतोडासुद्धा तिला इजा करून जाईल. काडीचं तर विचारूच नका.

इथे तरुण गाईडने सुचवलं की थोडं उकरून बघू, किंवा ती बारीक वायरवाली कॅमेऱ्याची नळी मिळते ना, प्लंबर वापरतात तसली, ती आत सोडू. हेतू वाईट नव्हता, त्याला खरंच काळजी होती. पण बघायचं झालं तर जाळं फाडायलाच लागणार, आणि आत कात चालू असेल तर आपण नेमकं ज्याची भीती आहे तेच करून बसणार. अंडी असतील तरी तेच. थोडक्यात, न बघणं हा एकच पर्याय असा होता की जो पाचातल्या कुठल्याही शक्यतेत नुकसान करत नव्हता. मेली असेल तर बघून जिवंत होणार नव्हती. हे फार साधं गणित आहे पण समोर ग्रुप उभा असताना आणि फेरीच्या शेवटी मिळणारी टिप बऱ्यापैकी 'काय काय दिसलं' यावर ठरत असताना ते सुचायला जरा डोकं थंड लागतं.

त्याच रात्री ऑफिसमध्ये कुणीतरी एक हुशारीचं काम केलं. गाईडांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, त्यात पर्यटकांनी पाठवलेले फोटो पडून असतात, हजारांनी. त्यातून या बिळाचे, या मादीचे, तारखेप्रमाणे फोटो काढून एका ओळीत लावले. आणि मग सगळे जरा गप्प झाले.

सुरुवातीच्या फोटोंमध्ये तिच्या पोटावर दाट तांबूस-काळे केस. मग मागच्या बाजूला नखाएवढा विरळ डाग. मग डाग वाढत वाढत नाण्याएवढा, गुळगुळीत, फिकट मातकट रंगाचा. आणि अगदी शेवटच्या काही फोटोंत तोच डाग काळा पडलेला, चकचकीत, जणू आतून शाई भरली.

आता हा डाग काय ते समजून घ्यायला पाहिजे, कारण प्रकरणाची मेख इथे आहे. अमेरिका खंडातल्या बऱ्याचशा टॅरॅन्टुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. धोका वाटला की कोळी मागच्या पायाने पोट खसाखसा घासतो आणि ते बारीक काटेरी केस हवेत उडवतो. कातडीला खाज, नाकात गेले तर शिंका, आणि डोळ्यात गेले तर काम गंभीर, बुबुळात रुतून बसतात आणि डॉक्टरकडे जावंच लागतं. पण हे केस परत उगवत नाहीत. पुढची कात पडेपर्यंत जे गेले ते गेले. म्हणजे पोटावरचं टक्कल हा एका अर्थी हिशेबाचा कागद झाला, गेल्या कातीपासून बाईने किती वेळा 'मला त्रास होतोय' म्हटलं त्याचा. आणि टक्कल काळं पडणं याचा अर्थ जुन्या कातडीखाली नवी कातडी तयार झाली, तिच्यावरचे नवे काळे केस आरपार दिसतायत. पाळणारे लोक हे चिन्ह रोज बघतात. म्हणजे कातच, जवळपास नक्की.

एक गोष्ट मात्र तिथल्या तिथे मांडली गेली आणि ती योग्यच होती, की टक्कल म्हणजे सगळं पर्यटकांनीच केलं असं सरसकट म्हणता येणार नाही. मार्शल आणि युट्झ या दोघा संशोधकांनी 1990 मध्ये दाखवून दिलं होतं की काही टॅरॅन्टुला, त्यात याच मेगाफोबेमा वंशातली एक जातही होती, आपले खाजरे केस मुद्दाम रेशमात विणतात. कशासाठी, तर अंड्यांवर किंवा कात टाकताना मऊ पडलेल्या अंगावर डल्ला मारायला येणाऱ्या माश्यांच्या अळ्यांना ते काटे आडवे येतात. म्हणजे काही केस स्वतःच्या कामालाही गेले असू शकतात. ऑफिसमागच्या सामानाच्या खोलीजवळ दुसरी एक मादी आहे, तिच्याकडे कुणी पर्यटक नेत नाही, तिचं पोट बघितलं तर केसांनी बऱ्यापैकी भरलेलं होतं. एकाला एक, यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण ग्रुपमध्ये त्या फोटोंची ओळ बघितल्यावर पुरावा आणखी मागणारा कुणी उरला नव्हता.

(जाताजाता, जाळ्यात केस विणलेले असतात या एका माहितीमुळे दुसरा फायदा झाला. आदल्या दिवशी एक पाहुणे बिळाच्या जाळ्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन फुंकर मारून बघत होते. ते प्रकार त्या रात्रीपासून बंद.)

मग खरा प्रश्न निघाला. ही काडी मुळात लागते कशाला?

कारण ही जात रात्री आपणहून बिळाच्या तोंडाशी येऊन बसते. शिकार करायची तिची पद्धतच ती. जाळं लावून किडे पकडणारी ही नव्हे, तोंडाशी पुढचे पाय टेकवून दबा धरून बसायचं आणि झुरळ, नाकतोडा, जे काही टप्प्यात येईल त्याच्यावर झडप घालायची. डोळे आठ असले तरी नजर यथातथाच, सगळी भिस्त पायांवर. पायांवरचे लांब नाजूक केस हवेची हालचाल टिपतात, आणि कवचातल्या बारीक चिरा जमिनीतली थरथर. बिळाच्या तोंडाभोवती रेशमाचे धागे पसरलेले असतात, त्यांवर कुणाचा पाय पडला की आत खबर जाते. काडी नेमकी याच धाग्यांशी खोटं बोलते. किडा आलाय असं बाईला वाटतं आणि ती येते.

मग ती आधीच तोंडाशी बसलेली असते तर काडीची गरज का पडते? तर बारा-पंधरा माणसं ट्रेकिंगचे बूट घालून, लाकडी पायऱ्यांवरून धपधप करत, दरडीला अगदी खेटून येतात म्हणून. तिच्या दृष्टीने एखादा पिसोते आला. पिसोते म्हणजे तिथला कोआटी, लांब नाकाचा, टॅरॅन्टुला उकरून काढून मातीत लोळवून त्याचे केस झाडून मग खाणारा. ती घाबरून आत जाते. मग गाईड काडी काढतो. म्हणजे ग्रुपने आधी तिला आत घालवायचं आणि मग ग्रुपसाठी तिला फसवून बाहेर काढायचं, आणि हे एका रात्रीत तीन-चार वेळा. हे जुन्या गाईडने इतक्या सहज बोलून दाखवलं की मला वाटलं त्याला हे कधीपासूनच माहीत असावं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

काडीने एकदा बाहेर काढलं तर क्रूरता वगैरे होते असं मी म्हणणार नाही. जंगलात असे खोटे अलार्म तिला रोजच येत असणार, वाळकं पान पडतं, बेडूक उडी मारून जातो. टॅरॅन्टुलाचा एरवीचा शक्तीचा खर्चही फार कमी असतो, त्यामुळे दोन-चार झडपांनी ती काही उपाशी मरत नाही. अडचण वेगळीच आहे. ही मादी हलत नाही. पक्षी असता तर उडून दुसऱ्या झाडावर गेला असता, स्लॉथ, झाडावर राहणारा तो संथ प्राणी, निदान वर चढतो. हिच्या जगण्याचा अख्खा पसारा म्हणजे त्या भोकाभोवतीची हातभर जागा, आणि माद्या दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त जगू शकतात. त्यामुळे पर्यटनाचा सगळा बोजा एका जिवावर पडतो, वर्षानुवर्षं, आणि शिकारीची जी वेळ आहे, अंधार पडल्यानंतरचे पहिले काही तास, नेमकी तीच वेळ फेऱ्यांची असते. धागे फाटतात, ते परत विणायचे. पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात ती तोंडाशी टिकत नाही. आणि काडीवर विषदात आपटत असेल तर कधीतरी टोक मोडायची भीतीही आहेच, मोडलं तर पुढच्या कातीपर्यंत खायचे वांधे.

कायदा याबाबत काय म्हणतो? कोस्टा रिकाचा वन्यजीव कायदा 1992 चा आहे, बऱ्यापैकी कडक आहे, जंगलातलं जनावर पकडणं, पाळणं, नेणं यावर बंदी आहे. 2019 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने जंगली प्राण्यांबरोबर सेल्फी काढू नका अशी मोठी मोहीमही चालवली, ज्यात धरणं, कुरवाळणं, खाऊ घालणं या सगळ्यांवर बोट होतं. पण त्या मोहिमेतले फोटो होते स्लॉथ, माकडं यांचे. काडीने कोळ्याला डिवचणं यात कुणी सेल्फी घेत नाही, कुणी हात लावत नाही, त्यामुळे आपण त्यात मोडतो असं गाईडांना कधी वाटलंच नाही. माझ्या मते अक्षराने नसेल पण अर्थाने मोडतंच. केसाळ आणि आठ पायांचं असलं म्हणून नियम बदलत नाही.

तीन पर्याय चर्चेत आले. पहिला, ही जागा फेरीतून काढूनच टाकायची. मला हा पटला नाही, आणि बहुतेकांनाही नाही. कोळ्याला घाबरणारी माणसं तिथे येऊन, समोर तिला शांत बसलेली बघून, वेगळीच होऊन जातात, ते फुकट घालवायचं नाही. दुसरा, आलटून पालटून वेगवेगळी बिळं दाखवायची. कागदावर छान दिसतं, पण काडी तीच राहिली तर एका मादीचा त्रास पाच माद्यांत वाटला एवढंच होतं. आणि वाटेवर इतकी बिळं सापडतात ती मुळात वाट काढताना दरड कापली म्हणून, ती जागा माद्यांना आवडते, म्हणजे आपणच त्यांना वाटेवर आणून बसवलंय. तिसरा पर्याय, काडी बंद आणि थांबायची पद्धत बदलायची. तो ठरला.

दरम्यान बिळाजवळ सुतळी बांधली, चार पावलं अलीकडे, आणि ग्रुपला बंद दारच दाखवायला सुरुवात केली. "आत ती कात टाकतेय" असं सांगून. गंमत म्हणजे लोकांनी त्या पांढऱ्या जाळ्याचेही फोटो काढले, प्रश्नही जास्त विचारले. एक-दोघं वैतागले, पैसे दिलेत मग दाखवा ना, अशी माणसं सगळीकडे असतात.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी जाळं सुटलेलं दिसलं आणि बिळाच्या तोंडाखाली कात पडली होती. बाई आतून ढकलून बाहेर टाकतात, घर झाडल्यासारखं. चुरगळलेली, ओली, पहिल्या नजरेला मेलेला कोळीच वाटावा अशी. तरुण गाईडचा चेहरा परत पडला होता, मग त्यानेच ती उलटवून पाहिली तर पाठीचं कवच झाकणासारखं वेगळं झालेलं आणि पाय आतून पोकळ, हातमोज्याची बोटं जशी.

ती कात ऑफिसात आणून ट्रेमध्ये ठेवली, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवली म्हणजे मऊ पडते आणि न तुटता उलगडता येते. हातात हातमोजे, तोंडाला मास्क, कारण खाजरे केस कातीवरही तसेच राहतात. पोटाचा भाग कागदासारखा पातळ, तो पसरवला तर जुनं टक्कल लख्ख दिसत होतं, कडेला केसांची दाट किनार आणि मधे काहीच नाही. आतल्या बाजूला, पुस्तक-फुफ्फुसांच्या (कोळ्याच्या श्वास घ्यायच्या, पुस्तकाच्या पानांसारख्या अवयवांच्या) पहिल्या जोडीच्या मधोमध, भिंगातून शुक्राणू साठवायची पिशवी दिसली, म्हणजे मादी असल्याचा पक्का पुरावा, इतकी वर्षं नुसत्या अंदाजाने 'ती' म्हणत होते. दोन्ही विषदात शाबूत, एकाच्या टोकाला बारीकशी खपली उडालेली. काडीने की कशाने, सांगता येत नाही.

काचेचं झाकण असलेल्या डब्यात ती कात आता फेरीच्या सुरुवातीला दाखवतात. डबा उघडत नाहीत, जंगलाबाहेर जात नाही. विषदात जवळून बघायचे, पायांच्या टोकांच्या नख्या, केशरी पट्टे, आणि ते टक्कल. गाईड टक्कल दाखवून सांगतो की हे कशामुळे होतं, आणि मग पुढे बिळापाशी आपण का गप्प उभं राहणार आहोत ते वेगळं सांगावंच लागत नाही. सगळ्या बदलांत मला हाच सगळ्यात जास्त आवडला, खरं सांगायचं तर.

बिळापाशीची पद्धत आता अशी. कात पडल्यावर पहिले काही आठवडे तर तिकडे फिरकलेच नाहीत, कारण नवे विषदात आधी पांढरे, मग लालसर आणि शेवटी काळे होतात, ते कडक होईपर्यंत ती खाऊ शकत नाही आणि स्वतःचा बचावही धड करू शकत नाही. त्यानंतर, सुतळीच्या अलीकडे सगळे थांबणार, पांढरे टॉर्च बंद, गाईडच्या टॉर्चला लाल कागद, कारण लाल उजेड कोळ्यांना फारसा जाणवत नाही. तिथल्या दोन लाकडी पायऱ्या काढून टाकल्या, लाकूड थरथर पुढे नेतं, आता साधी मातीची उतरण आहे. मग नुसतं उभं राहायचं, पाय न हलवता. हळू आवाजात बोललं तर एवढं बिघडत नाही, जमिनीतली धमक महत्त्वाची. पाच मिनिटं, फार तर सात. पावसाच्या बारीक शिंतोड्यांत ती बरेचदा येते, जोराचा वारा असेल तर सहसा नाही. आली तर आधी दोन केशरी-काळे पाय कडेवर टेकतात आणि मग बराच वेळ काहीच होत नाही, आणि त्या 'काहीच नाही'मध्ये माणसं जी गप्प उभी असतात ती आधीच्या किंचाळण्यापेक्षा मला शंभर पटीने बरी वाटली. नाही आली तर नाही आली, पुढे चला, विंचू आहेत, झोपलेले पक्षी आहेत, हिरवा साप एखादा असतोच.

सगळं गोड झालं असं नाही. गर्दीच्या दिवसात मागून दुसरा ग्रुप येऊन उभा राहतो आणि पाच मिनिटं कुणाकडे नसतात. एका गाईडने मधे परत काडी उचलली होती, कुणीतरी बघितली, वाद झाला, त्याचं म्हणणं होतं शेजारच्या वाटेवर अजून सगळे करतात आणि पाहुणे आपसात बोलतात की तिकडे नक्की दिसतो. यात तथ्य आहे. एका वाटेने शहाणपणा केला आणि बाकीच्या तशाच राहिल्या तर शहाण्याचंच नुकसान, असा हा मामला. यावर उपाय सगळ्या जागांनी मिळून ठरवण्याचा आहे आणि तो अजून झालेला नाही.

वहीत आता दर महिन्याला एक नोंद होते, सुतळीपासूनच झूम करून काढलेला पोटाचा फोटो आणि तारीख. मी निघालो तोवर तरी पोट केसांनी पूर्ण भरलेलं होतं, पण नव्या पद्धतीला महिने थोडेच झाले होते, त्यावरून निष्कर्ष काढायची घाई कुणी करत नव्हतं. आणि एक सूचना जुन्या गाईडने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय, ती कोरड्या महिन्यांसाठी, डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, जेव्हा इथे पाऊस कमी होतो आणि धुक्याशिवायचे कोरडे दिवस तर 1970 च्या दशकापासून वाढतच आलेत. तेव्हा तोंडावर जाळं दिसलं तर लगेच कात समजायचं नाही, ओल टिकवायलाही बीळ बंद होऊ शकतं. आधी वहीतला शेवटचा फोटो बघायचा, टक्कल काळं आहे का, शेवटचं खाताना कधी दिसली होती, आणि काहीही उत्तर आलं तरी जाळ्याला हात लावायचा नाही.